चिमुकल्या सैनिकाचा गणवेश

वैशाखाच्या सुमारास तळवड्याहून देहूच्या बाजूला निघावे. कारखान्यांच्या भिंती संपून जेथे थोडाफार मुरमाड माळ अजून शिल्लक आहे, तेथे टिटवी उघड्यावर अंडी घालते. घरटे म्हणावे असे काही नसतेच. चार खडे बाजूला सारून केलेला उथळ खळगा, एवढाच तिचा संसार. अंड्याचा रंग मातकट आणि त्यावर काळपट तपकिरी डाग. टिटवी आपल्या डोक्यावर घिरट्या घालून आकांत करते, त्यावरून अंडी जवळच आहेत हे कळते. पण पायाखाली पाहूनही ती दिसत नाहीत. ते डाग अंड्याची शोभा वाढवण्यासाठी नाहीत. अंड्याची गोल कड जागोजाग तोडून टाकायची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला ‘ही एक वस्तू आहे’ असे म्हणूच द्यायचे नाही, हे त्यांचे काम.

आता एखाद्या चित्रकाराला आपण सांगितले की, या अंड्यांचे हुबेहूब चित्र काढ. त्याने खरोखरच हुबेहूब काढले तर कागदावर नुसता मुरूम दिसेल. अंडी स्पष्ट दिसतील असे काढले तर ती लपलेली आहेत, ही मुख्य गोष्टच चित्रातून नाहीशी होईल. या दोहोंमधून वाट काढणे ही त्याच्या कलेची कसोटी. आजचा आपला विषय वरवर पाहता पोरखेळाचा आहे: सैनिकांच्या चिमुकल्या प्रतिमांवर चट्ट्यापट्ट्यांचा गणवेश, म्हणजे कॅमोफ्लाज किंवा मराठीत छद्मावरण, कसे रंगवावे. परंतु त्याच्या पोटात हाच प्रश्न आहे. जे कापड माणसाला दिसू न देण्यासाठी जन्माला आले, ते बोटभर प्रतिमेवर लोकांना दिसावे म्हणून रंगवायचे आहे. नुसती नक्कल येथे उपयोगी पडत नाही. त्या कापडाचे मर्म समजावे लागते.

हा छंद आपल्याला वाटतो तितका परका नाही. दिवाळीत आपल्याकडे अंगणात किल्ला होतो. दगड, माती आणि पोत्याचे तुकडे यांचा डोंगर, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून आणलेली हिरवळ आणि बाजारातून आणलेली मातीची ‘चित्रे’: सिंहासनावर महाराज, दारावर पहारेकरी, उतारावर मावळे. अलीकडे काही किल्ल्यांवर, बुरुजाच्या पायथ्याशी, हिरव्या चट्ट्यांचा गणवेश घातलेले बंदूकधारी जवानही उभे दिसतात. मुलांच्या लेखी दोघेही सैनिकच, तेव्हा त्यात रागावण्यासारखे काही नाही. पण त्या दोन चित्रांमध्ये सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे आणि ते अंतर सांगणारी पहिली वस्तू म्हणजे अंगावरचे कापड.

युरोपात हाच छंद वेगळ्या वाटेने वाढला. चतुरंगाचा खेळ आपल्या देशाने जगाला दिला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा अभ्यास करण्याची पद्धत बसवून दिली. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या सैनिकांची लढाई कशी खेळावी याचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. तेव्हापासून ऐतिहासिक लढाया टेबलावर मांडणाऱ्यांचा एक संप्रदायच झाला आहे. त्यांच्या प्रतिमा शिशासारख्या मिश्रधातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. आज फार चालणारे माप २८ मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढे. या प्रतिमा बिनरंगाच्या मिळतात. रंग ज्याचे त्याने द्यायचे. येथून आपली कथा सुरू होते.

प्रथम, सैनिकाच्या अंगावर चट्टे आलेच कसे हे पाहू. जुन्या लढाया दाट धुरात होत. काळी दारू उडाली की चार पावलांवरचा माणूस दिसेना. आपले कोण आणि परके कोण हे ओळखू यावे म्हणून कपडे भडक असत. इंग्रजांचे लाल डगले प्रसिद्धच आहेत. परंतु पल्लेदार आणि अचूक बंदुका आल्या, १८८४ नंतर बिनधुराची दारू आली आणि भडक कपडा हेच निशाण झाले. हा धडा इंग्रजांना हिंदुस्थानातच आधी मिळाला होता. १८४६ साली पेशावरला लम्सडेन याने उभारलेल्या ‘गाइड्स’ पलटणीने मातकट कपडे घेतले. त्यांचे नाव ‘खाकी’, म्हणजे खाक किंवा धूळ हिच्या रंगाचे. १८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुचकळून मळकट करून घेतले. फ्रेंचांनी मात हट्ट सोडला नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे पायदळ लाल विजारी घालून रणांगणावर उतरले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

खाकीने माणूस जमिनीच्या रंगाचा झाला. पण त्याचा आकार तसाच राहिला. डोके, खांदे आणि दोन पाय ही आकृती माणसाचा डोळा फार लांबून ओळखतो, मग रंग कोणताही असो. ही आकृतीच तोडली पाहिजे, हे सेनापतींच्या आधी चित्रकारांना उमगले. अमेरिकेतील चित्रकार ॲबट थेयर आणि त्याचा मुलगा यांचा प्राण्यांच्या लपण्याच्या रंगांवरील ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्यात छद्मावरणाचे स्वतंत्र पथक झाले, त्याचा प्रमुख गिरां द सेव्होला हाही चित्रकारच होता. पहिल्या महायुद्धात तोफा आणि वाहने चट्ट्यांनी रंगली. छापील चट्ट्यांचे कापड मोठ्या प्रमाणावर सैनिकाच्या हाती आले ते त्यानंतर. इटलीने १९२९ मध्ये तंबूचे तसे कापड काढले आणि जर्मनीने १९३१ मध्ये. जर्मन कापडाच्या फिक्या मातकट पार्श्वभूमीवर फुटलेल्या काचेसारखे टोकदार हिरवे व तपकिरी तुकडे असत आणि त्यांवर पावसाच्या सरीसारख्या बारीक हिरव्या रेघा.

थेयरने सांगितलेली एक गोष्ट रंगवणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी. हरणाची पाठ गडद असते आणि पोट फिके. ऊन वरून पडते, त्यामुळे पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते. निसर्गाने नेमके उलटे रंग दिल्यामुळे ऊन आणि सावली एकमेकांना खोडून काढतात, प्राण्याची गोलाई नाहीशी होते आणि तो सपाट दिसू लागतो. आपला चिमुकला सैनिक रंगवणारा हाच नियम उलट्या बाजूने चालवतो. तो खांद्यांवर उजळ रंग देतो आणि काखेत, पट्ट्याखाली व गुडघ्यामागे गडद रंग भरतो, कारण त्याला गोलाई दाखवायची आहे. म्हणजे एका हाताने तो चट्टे रंगवून आकार मोडतो आणि दुसऱ्या हाताने ऊन-सावली रंगवून तोच आकार उभा करतो. या दोन हातांचा मेळ बसला की प्रतिमा साधली.

पण कुंचला हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो: या माणसाच्या अंगावर चट्ट्यांचा गणवेश होता काय? नवशिक्याची सर्वांत मोठी चूक येथेच होते. सैनिक म्हटला की चट्टे, असे आज आपल्या मनात बसले आहे. वास्तविक आपल्या सैनिकांचा बराच मोठा इतिहास एकरंगी कपड्यांत घडला.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे यांच्याखेरीज सगळे पडले, कोणी ठार तर कोणी जखमी. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँबने त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि काडतुसांचा नवा संच चढवण्यास वेळ नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना मृत्यू आला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला हा माणगावकडचा बावीस वर्षांचा तरुण होता. त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले आणि मग एकामागून एक तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले.

आता हा प्रसंग कोणाला टेबलावर मांडायचा असेल तर घाडगे यांच्या अंगावर खाकी ड्रिल असावे, चट्टे नव्हेत. इटलीतल्या उन्हाळ्यात हिंदी फौजा खाकीत लढत. चट्टे असलेच तर ते समोरच्या बाजूला: जर्मन सैनिकाजवळच्या त्रिकोणी तंबूकापडावर, कोणाच्या टोपाच्या गवसणीवर, तर कोणाच्या डगल्यावर. हे एकदा ध्यानात आले की त्या मांडणीला वेगळाच अर्थ येतो. लपण्याची सोय ज्यांच्याजवळ अधिक होती ते आडोशाला बसले होते आणि ज्याच्याजवळ ती नव्हती तो उघड्यावर धावत गेला. घाडगे यांच्या प्रतिमेवर हौसेने चार हिरवे चट्टे मारले तर चित्र कदाचित उठावदार दिसेल, पण त्यांच्या धैर्याचे माप आपण नकळत कमी केलेले असेल.

याच काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रंग बदलला होता. जंगलात खाकी उठून दिसते, म्हणून १९४३ पासून तेथील फौजांना गडद हिरवे कपडे मिळू लागले. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठ्यांची चौथी पलटण लढली, ती या हिरव्या कपड्यांच्या काळात. रेजिमेंट एक आणि साल एक; पण इटलीत खाकी आणि मणिपुरात हिरवा. ‘मराठा पलटण कोणत्या रंगात रंगवावी?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कोणती पलटण, कोणती आघाडी आणि कोणता महिना, एवढे विचारले की उत्तर मिळते.

चट्टे आपल्या बाजूला आले ते हवाई छत्रीबरोबर. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी ‘डेनिसन’ नावाचा सैल डगला काढला. वाळूच्या रंगावर रुंद कुंचल्याने ओढल्यासारखे हिरवे आणि तपकिरी फटकारे, असे त्याचे रूप. स्वातंत्र्यानंतर आपल्या छत्रीधारी पलटणींच्या अंगावर याच कुळातला डगला दीर्घकाळ राहिला. आणि येथे एक विलक्षण दुवा आहे. घाडगे यांची ती तिसरी मराठा पलटण पुढे छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची दुसरी पलटण बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ आकाशातून उतरली ती हीच दुसरी पॅरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुंगली पुलापाशी तिला जमिनीवरून येऊन मिळाली ती पहिली मराठा, जमालपूरची लढाई नुकतीच जिंकून आलेली. पायदळाचा त्या वेळचा कपडा एकरंगी ऑलिव्ह ग्रीन. एका कुळातल्या दोन पलटणींची ही पुलावरची भेट रंगवायची झाली तर एकीचे काम एका रंगात भागते, तर दुसरीच्या डगल्यासाठी तीन रंग लागतात. मराठी माणसाने आपल्या टेबलावर मांडावा असा याहून चांगला प्रसंग मला तरी सुचत नाही.

पुराव्याबाबत एक सूचना. छायाचित्र हा उत्तम साक्षीदार, पण त्याचीही उलटतपासणी घ्यावी. टांगाईलच्या उडीचे म्हणून तेव्हा परदेशी वृत्तपत्रांत झळकलेले छायाचित्र आग्र्याच्या सरावातले होते, हे नंतर उघड झाले. सरावातला पोशाख आणि लढाईतला पोशाख एकच असतो असे नाही. जुन्या रंगीत चित्रांचे रंग उडालेले असतात, संग्रहालयातले कापड विटलेले असते आणि चित्रपटातले कपडे तर शिंप्याच्या सोयीचे असतात. दोन-तीन स्वतंत्र पुरावे जुळले तरच रंग कालवायला घ्यावा.

आता गणित. २८ मिलिमीटरची प्रतिमा म्हणजे साधारण ५६ पट लहान माणूस. कापडावरचा १४ सेंटिमीटरचा चट्टा तिच्यावर अडीच मिलिमीटरचा होतो. तो रंगवता येतो. एक सेंटिमीटरचा ठिपका ०.१८ मिलिमीटरचा होतो. तो बहुतेकांच्या हाताबाहेरचा. जर्मन कापडावरची दोन मिलिमीटरची ‘पावसाची रेघ’ ०.०४ मिलिमीटरपेक्षाही बारीक, केसाहूनही बारीक होते. ती रंगवताही येत नाही आणि रंगवली तरी दिसत नाही. अर्ध्या मीटरवरून निरोगी डोळ्याला सुमारे ०.१५ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका सुटा ओळखता येत नाही. शिवाय प्रतिमा अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरा सैनिक २८ मीटरवरून पाहण्यासारखे आहे. तेवढ्या अंतरावर बारीक नक्षी एकमेकीत मिसळून जाते आणि रंगही थोडे फिके पडतात.

यातून तीन नियम निघतात. पहिला असा की, चट्टे मोजून लहान करू नयेत. खऱ्या मापाहून थोडे मोठे आणि संख्येने कमी घ्यावेत. माणसाच्या छातीवर वीस चट्टे असतील तर प्रतिमेवर सात-आठ पुरेत. दुसरा नियम रंगाच्या छटेचा. कापडाच्या तुकड्याशी तंतोतंत जुळवलेला रंग प्रतिमेवर काळवंडलेला दिसतो, म्हणून प्रत्येक रंगात किंचित फिका रंग मिसळावा. तिसरा नियम असा की, चट्ट्यांच्या रंगांत जेवढे अंतर खऱ्या कापडावर असते त्याहून थोडे जास्त ठेवावे. नाहीतर हात लांब केला की सगळे मिळून एक मळकट डाग होतो. अर्थात, तसा डाग झाला तर छद्मावरण उत्तम साधले असे म्हणावे लागेल, पण रंगवणारा मात्र नापास झाला.

प्रत्यक्ष कामाचा क्रम आपल्या भागातील लोकांना समजावण्याची फारशी गरज नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ज्यांनी रंगखात्यात एक पाळी जरी काढली आहे, त्यांना तो पाठ आहे: आधी धुणे, मग अस्तर आणि मग रंग. साच्यातून निघालेल्या प्रतिमेवर तेलकटपणा असतो, म्हणून ती साबणाच्या पाण्याने धुवावी. साच्याच्या दोन भागांमधली उंच रेघ कानशीने घासून काढावी, कारण ती तशीच राहिली तर पुढे प्रत्येक हातासरशी अधिक ठळक होते. नंतर प्रायमरचा पातळ हात द्यावा. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्यावेत आणि दुधाइतके पातळ करावेत. एका जाड हाताने चुण्या बुजतात, दोन पातळ हातांनी त्या शाबूत राहतात. कुंचला सर्वांत लहान हवा असा समज आहे, तो खोटा. पोट भरलेला आणि टोक नीट जुळणारा मध्यम कुंचला चांगला. अगदी बारीक कुंचल्यावरचा रंग प्रतिमेपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो.

प्रथम सर्व कापडाला सर्वांत फिका, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग द्यावा. तो वाळल्यावर पहिल्या रंगाचे चट्टे आणि मग दुसऱ्या रंगाचे. दोन चट्ट्यांमध्ये पार्श्वभूमी डोकावत राहिली पाहिजे. जर्मन तुकड्यांना सरळ कडा आणि टोकदार कोपरे हवेत. पावसाच्या रेघा सगळ्या न काढता खांद्यावर व पाठीवर चार-पाच सुचवाव्यात. डेनिसन जातीच्या डगल्याला कुंचला पूर्ण भरू नये. अर्धा सुका ठेवून एका दमात फटकारा ओढावा, म्हणजे शेवटी तो आपोआप विरळ होतो. हिरवा आणि तपकिरी जेथे एकमेकांवर चढतात तेथे तिसरी गडद छटा दिसते, तीही ठेवावी. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी आपल्या सैन्याने नवा लढाऊ गणवेश प्रथम लोकांसमोर आणला. दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने केलेली त्याची नक्षी बारीक चौकोनांची आहे. या चौकोनांमागे विचार आहे: जवळून ते पालापाचोळ्यासारखे दिसतात आणि लांबून एकत्र होऊन मोठे चट्टे बनतात. प्रतिमा लांबूनच पाहिली जाते, म्हणून येथे मोठे चट्टे रंगवून त्यांच्या कडा तेवढ्या कुंचल्याच्या टोकाने पायऱ्यापायऱ्यांच्या कराव्यात. एकेक चौकोन रंगवू पाहणारा डोळे आणि धीर दोन्ही गमावून बसतो.

यानंतर शिवणीकडे लक्ष द्यावे. कापड आधी छापले जाते, मग कापले जाते आणि मग शिवले जाते. म्हणून बाहीवरचा चट्टा खांद्याच्या शिवणीपाशी तुटतो, छातीवरच्याशी जुळत नाही. खिशाच्या झाकणावरची नक्षी खिशाशी मिळत नाही. नवखा माणूस चट्टा खांद्यावरून बाहीवर सलग ओढतो आणि सैनिक गणवेशात नसून त्याच्या अंगालाच रंग फासला आहे असे वाटू लागते. शिवणीपाशी नक्षी तोडली की ते कापड वाटते.

चट्टे झाले की ऊन-सावलीचा दुसरा हात सुरू होतो. खूप पातळ केलेला तपकिरी रंग सर्व कापडावरून फिरवावा. तो चुण्यांत उतरतो आणि खोलगट जागा गडद करतो. वाळल्यावर उंचवट्यांवर प्रत्येक चट्ट्याच्या स्वतःच्या रंगात थोडा फिका रंग मिसळून छोटे स्पर्श द्यावेत. हिरव्यावर फिका हिरवा, तपकिरीवर फिका तपकिरी; सरसकट एकच उजळ रंग फिरवला तर चट्टे धुऊन निघतात. पट्टे, पिशव्या आणि बंदूक एकरंगी असतात. त्यांच्या कडेने एक गडद रेघ ओढली की नक्षीच्या गर्दीत डोळ्याला आधार मिळतो. चेहरा आणि हात सर्वांत शेवटी व सर्वांत स्वच्छ रंगवावेत. पाहणारा प्रथम चेहऱ्याकडे पाहतो. तो नीट असला तर डगल्यातल्या चार चुका माफ होतात. सरतेशेवटी बिनचकाकीचे वार्निश. चकाकणारे कापड रणांगणावर सैनिकाला उघडे पाडते आणि टेबलावर रंगवणाऱ्याला.

एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. युद्ध ही खेळण्याची वस्तू आहे काय? बाहुल्यांच्या लढाया खेळून मुलांच्या मनात युद्धाची गोडी निर्माण होणार नाही काय? आक्षेप पोकळ नाही. वेल्सनेही तो ओळखला होता. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे, असे त्याने त्याच पुस्तकात आग्रहाने लिहिले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, तेव्हा त्या युक्तिवादाने कोणाला थांबवले असे म्हणता येणार नाही. मी एवढेच म्हणेन की, काळजीपूर्वक रंगवणे आणि घाईने खेळणे यांत फरक आहे. एका प्रतिमेवर दोन-तीन संध्याकाळी घालवणाऱ्याला प्रत्येक चट्ट्यापाशी विचारावे लागते की हा येथे का आहे; आणि उत्तर दर वेळी एकच येते, की त्या कापडाच्या आत एक माणूस होता आणि त्याने दिसू नये अशी कोणाची तरी इच्छा होती. देहूरोडची छावणी आपल्याला लागून आहे. लष्करी वाहने आपल्या रस्त्यांवरून जातात आणि त्यांच्यावरचे चट्टे पाहून आपण पुढे जातो. ते रंगवायला बसलेला माणूस तसा पुढे जाऊ शकत नाही.

यशवंत घाडगे यांची ज्ञात अशी कबर नाही; इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे. ज्याची कबरही ठाऊक नाही अशा माणसाची अंगठ्याच्या पेराएवढी प्रतिमा आपण करणार असू, तर तिच्या अंगावर त्याचाच कपडा असावा, एवढी जबाबदारी आपल्यावर येते.

ज्यांना हा विषय डोळ्यांनी पाहावासा वाटेल त्यांनी सुट्टीच्या दिवशी अहिल्यानगरला जावे. तेथील रणगाडा संग्रहालयात निरनिराळ्या देशांचे रणगाडे उभे आहेत. चट्टे रंगवलेला एखादा रणगाडा आधी दहा पावलांवरून आणि मग पन्नास पावलांवरून पाहावा, म्हणजे गणिताचा वरचा भाग आपोआप समजेल. आणि येत्या दिवाळीत घरातल्या मुलांनी किल्ल्यावर मावळ्यांशेजारी एखादा जवान उभा केला तर तो काढून टाकू नये. त्याला वेगळा बुरूज द्यावा, शेजारी पुठ्ठ्यावर साल लिहावे, आणि मुलांना विचारावे की मावळ्याच्या अंगावर चट्टे का नाहीत आणि याच्या अंगावर का आहेत. मग सर्वांनी मिळून, पातळ रंगाने, शिवणीपाशी नक्षी तोडून, त्याचा गणवेश पुन्हा एकदा नीट रंगवावा.